डाव्या हाताचं हाड

दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी ती बाई पन्नाशीत फॉरेन्सिकच्या रविवारच्या वर्गाला जायला लागली, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "या वयात हे कसलं खूळ?" कॉलेजला म्हणून घरातून गेलेला तिचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षं परतला नव्हता.

त्या रविवारी सरांनी टेबलावर एक सांगाडा मांडला. "बेवारस आहे. वय, उंची, जुन्या दुखापती शोधून काढा."

तिने मांडीचं हाड मोजलं. उंची मुलाचीच निघाली. वयही जुळलं. सतराव्या वर्षी सायकलवरून पडून त्याचा डावा हात मोडला होता आणि हाड वाकडंच जुळून आलं होतं. तिने डाव्या हाताचं हाड उचललं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होतं. झोपलेल्या लेकराचा हात पांघरुणात घ्यावा, तसं तिने ते हळूच जागेवर ठेवलं.

फाटकाशी नवरा स्कूटर घेऊन उभा होता. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे आपला नव्हता ना?"

"नव्हता."

"मग रडतेस कशाला?"

"आज पहिल्यांदा वाटलं, तोच असता तर बरं झालं असतं. आई असून असं कसं वाटलं हो मला?"

नवऱ्याने स्कूटर सुरू केली नाही. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मला तर कधीपासून वाटतंय."