अनिपाला दुखत नाही

औषध कमी पडलं तर आधी ओरडणाऱ्याला द्या, असा हुकूम ज्याने काढला, त्याचं स्वतःचं पोट कधी कुणी फाडलं नसणार.

अनिपाचं फाडलं होतं. मेंढपाळांना कुत्र्यांपासून होते ती पाण्याची गाठ, काल नारीन शहरातल्या इस्पितळात तिच्या यकृतातून काढली. पाठीत, कण्यापाशी, केसाएवढी नळी बसवली होती. तिच्यातून थेंब थेंब औषध जाई आणि टाके बधिर राहत.

सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. खाटेशी म्हातारा तोलोमुश, अनिपाचा सासरा, उंच पांढरी टोपी सावरून बसलेला.

"दुखतंय का?"

अनिपाने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. मान हलवली. नाही.

"याला म्हणतात डोंगरातली बाई. नाहीतर तो शेजारच्या खोलीतला गडी बघा, छप्पर डोक्यावर घेतलंय. हिचं औषध त्याला लावा."

नर्सने नळीचं तोंड बंद केलं. तोलोमुशची छाती फुगली. सून कुणाची आहे!

बऱ्याच वेळाने तो चहाला गरम पाणी आणायला उठला. मागे दार लागलं आणि आतून आवाज आला. अडलेली मेंढी काढते तसला. तो तसाच आत धावला. अनिपा गप्प. ओठ पांढरेफटक, रुमालाचं टोक दातांत.

"पोरी, काय होतंय?"

"कुठं काय. चहा घ्या तुम्ही."

तो बाहेर गेला. पुन्हा तोच आवाज. आत आला, पुन्हा गप्प. किटली हातात घेऊन म्हातारा उंबऱ्यात उभाच राहिला. सकाळी आपण कुठं बसलो होतो, ते त्याला आत्ता कळलं.

मोठे डॉक्टर शेजारच्या खोलीतून निघत होते. त्याने त्यांची बाही धरली, ओढत दारापाशी आणलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

"ऐका."

दोघांनी ऐकलं.

"मग मघाशी का नाही बोलली? मी विचारलं होतं की, आजोबा."

"माझ्या पुढ्यात विचारलंत. सासरा आहे मी तिचा. मी एक गाढव, फुगून बसलो. पण तुम्ही याच खोऱ्यात जन्मलात ना?" त्याने बाही सोडली नव्हती. "घरी सून आहे तुमच्या. ती कधी कण्हलीय तुमच्यासमोर?"

डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले.

"चष्मा राहू द्या. बोला."