काकूंचं नाव

संगणकावर निकाल उमटला आणि तिने तो पुन्हा एकदा तपासून पाहिला. ओकच्या पानांवर गाठी करणारी एक इवलीशी गांधीलमाशी तिच्या सरांनी तरुणपणी शोधली होती आणि तिला आपल्या बायकोचं, म्हणजे काकूंचं नाव दिलं होतं. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणारी चाचणी, डीएनए बारकोडिंग, मात्र सांगत होती, ही वेगळी जात नाहीच. आधीच नोंदलेल्या एका जातीची वसंतात जन्मणारी, निराळी दिसणारी पिढी आहे. म्हणजे नियमाप्रमाणे आधीचं नाव राहणार आणि काकूंचं पुसलं जाणार.

सरांच्या घरी ती कितीतरी वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली. शेवटी सरांनीच विचारलं, "दोन्ही जाती एकच निघाल्या ना?"

तिने मान खाली घातली. "मी अजून कुणाला दाखवलं नाही, सर. नाही दाखवलं तरी चालेल."

"छे, छे. दाखव. शंका मला कधीपासूनची होती, पण हिचं नाव माझ्या हातून खोडवेना. म्हणून तर नमुने मुद्दाम तुझ्याकडे पाठवले," सर म्हणाले. "हिचा फार जीव होता तुझ्यावर."