दसरा चौकापर्यंतची निळी रेघ

सव्वाअकरा झाले तरी सोनमचा फोन आला नव्हता. पुण्यातल्या ऑफिसात प्रसेनजीतचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोलिओने पाय गेलेल्या त्याच्या बहिणीची आज दसरा चौकातल्या एका कचेरीत अकराला मुलाखत होती. टायपिंगची नोकरी, सत्ताविसाव्या वर्षी चालून आलेली पहिलीच. अट एकच होती: रोज आपलं आपण यायचं, सोबत माणूस चालणार नाही.

म्हणून तर त्याने जिवाचा आटापिटा केला होता. इंटरनेटवर एक नकाशा होता, कुणाच्याच मालकीचा नसलेला. ज्याला जे ठाऊक, त्याने ते त्यात भरायचं. २००८ सालात सुटीला कोल्हापूरला आला की तो सोनमला चाकाच्या खुर्चीतून हिंडवायचा आणि टेपने फुटपाथ मोजायचा.

"पावणं, म्हापालिकेचं हाय काय?" लोक विचारायचे.

तो खाली मान घालून उतार, गटारी, पायऱ्या टिपायचा आणि नकाशात चढवायचा. शेवटी घर होतं त्या सिद्धार्थनगरपासून दसरा चौकापर्यंत एक निळी रेघ निघाली. तिच्यावर खुर्ची कुठेच अडणार नव्हती. कागदावर छापून ती सोनमच्या हाती देताना त्याला स्वतःचाच अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

साडेअकराला त्यानेच फोन लावला.

"झाली न्हवं मुलाखत?"

"न्हाई. मी घरातच हाय."

त्याचं टाळकं सरकलं. "कुठं अडलं? इंच न् इंच मोजलाय मी रस्ता."

"रस्त्यात काय न्हाई, दादा." तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. "आई पहाटेच कोडोलीला गेली, मावशीकडं मयताच्या जलदानविधीला. शेजारचा आकाराममामा उचलतो म्हणत हुता. मीच नको म्हटलं. आज त्यो उचलंल. उद्या कोण?"

"उचलायचं कशाला? खुर्ची हाय की."

"खुर्ची खाली बोळात हाय. मी उंबऱ्यात."

पंधरा वर्षं प्रसेनजीत तिला दोन्ही हातांवर घेऊन दाराबाहेर पडत आला होता. खाली खुर्चीत बसवायचं आणि मगच टेप काढायची. तिचं ओझं त्याला कधी वाटलंच नाही, म्हणून ते ध्यानातही आलं नाही.

त्याने डोळे मिटून आपलं दार आठवून पाहिलं. गावातल्या साऱ्या पायऱ्या त्याला तोंडपाठ होत्या. आपल्या दारातल्या तीन की चार, ते मात्र काही केल्या आठवेना.