दहा मिनिटं

जिमबाहेर ट्रेलर थांबला, सवयीने दोनदा हॉर्न वाजला, आणि ट्रेनर धनेशच्या हातातली पाण्याची बाटली निसटली.

दारात अंबाजी उभा होता. प्रथमेशचा बाप. आठ महिन्यांपूर्वी उरणच्या याच छोट्या जिममध्ये वजन उचलताना प्रथमेशची पाठ गेली होती. तेव्हापासून तो विशीतला पोरगा कमरेखालची जाणीव गमावून घरी खाटेवर पडून होता. अंबाजीच्या खिशात धनेशविरुद्धचा तक्रारअर्ज होता. पोलीस ठाण्यात जाण्याआधी त्याला हा माणूस शिकवतो कसा, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

"मला शिकव," तो म्हणाला. "माझ्या पोराला शिकवलंस तसं. पयल्यापासून."

आणि तो थेट वजनाच्या बारकडे गेला.

"बार नंतर, काका. आधी दहा मिनिटं अंग गरम."

जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, सावकाश बैठका. पन्नाशीच्या ड्रायव्हरचं शरीर ते, स्टिअरिंगमागे बसून बसून आखडलेलं. चौथ्या मिनिटालाच त्याने घड्याळ पाहिलं. "एवढ्या टायमात मी जासईला पोचलो असतो. बंदराचं गेट कुणासाठी थांबत न्हाय."

"इथे घाई चालत नाही, काका."

मग पोटाचे व्यायाम. अंबाजी आडवा झाला आणि डोक्यामागे हात घेऊन धापा टाकत उठायला लागला.

"असं नको. नवख्याच्या कमरेवर येतं." धनेशने त्याला नीट पाठीवर निजवलं, हातपाय वर करायला लावले. उजवा हात आणि डावा पाय हळूहळू खाली, मग उलट. कंबर जमिनीपासून सुटू द्यायची नाही. "पोट आवळून धरता आलं की पाठ सांभाळली जाते. हे जमलं की कोपरांवर तोलून राहायचं. रिकामा बार त्यानंतर."

तो इतक्या मायेने शिकवत होता की अंबाजीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

"तुला सगलं ठाऊक हाय," तो उठून बसला. "मग त्या दिवशी माझ्या पोराला ही दहा मिनिटं का न्हाय दिलीस?"

धनेशची नजर एकदा बाहेरच्या ट्रेलरकडे गेली आणि परत आली.

"चूक माझी, काका. मी त्याला अडवायला पाहिजे होतं."

"लिहून देशील?"

धनेशने अर्जाखाली तसं लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी घरी येसूबाई लेकाला कुशीवर वळवत होती. अंबाजीने कागद प्रथमेशपुढे धरला. "कबूल केलंन बघ. आता ती जिमच बंद पाडतो."

ओळी दोनच होत्या, तरी प्रथमेश बराच वेळ वाचत राहिला.

"फाडा, बाबा. खोटं लिहिलंय त्याने. तो बारपुढे आडवा उभा होता, दहा मिनिटं थांब म्हणत होता. मीच त्याला बाजूला ढकललं. नंतर शपथ घातली, घरी काही सांगू नको म्हणून."

"अरे पन येवढी कसली घाई होती तुला?"

प्रथमेशने तोंड भिंतीकडे फिरवलं. येसूबाईचे हात थांबले.

"मला कॉलेजला सोडायला तुम्ही बाहेर ट्रेलर घेऊन उभे होतात, बाबा. हॉर्न थांबतच नव्हता."