साफ आवाज

सव्वा लाखाचे स्पीकर कुरुंदा गावातल्या घरी जोडून धम्मदीपनं गेलेल्या वडिलांची भीमगीतं लावली. वडिलांनी, शेषरावांनी, घरीच गाऊन भरलेली कॅसेट होती ती. धम्मदीपनं तिच्यातली खरखर, खोकला, मधली बोलणी, सगळं काढून टाकलं होतं. त्याची आई जनकाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. शेवटचं गाणं थांबलं, तरी हलल्या नाहीत.

"संपलं, आई. कसा वाटला आवाज?"

"बराबर हाय. पन तुजे बाबा अजून बोलले न्हाईत."

"काय?"

"'जनका, झालं. बटन दाब.' दर टायमाला शेवटी म्हनतेत."

ते वाक्य खोकल्याबरोबर गेलं होतं, आणि कॅसेट भंगारात.

जनकाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हात लांबवून त्या स्पीकरवर बटण शोधू लागल्या.