बाळारामशेठचा नवा हॉर्न

"कुनी इस्वास ठेवनार न्हाय, पन या हॉर्ननं काल एक मानूस यमाच्या हातून सोडवला!"

बाळारामशेठ असं म्हणाले, तेव्हा राहीबाई मोटारसायकलपाशी उभ्या होत्या. हेल्मेट हातात होतं, डोक्यावर नव्हतं. काल्हेरची जमीन गोदामाला दिल्यावर नवऱ्यानं साठीत हे धूड घेतलं होतं. आज त्यावरून दोघं एकविरेला निघाले होते. येताना घाट उतरायचा होता. त्या घाटाचीच राहीबाईंना धास्ती होती.

"आवं, एसटीनं जाऊ."

"एसटीला असला हॉर्न हाय का?" शेठनी बटण दाबलं. गोदामाचे पत्रे थरथरले. वडावरचे कावळे उडाले ते, शेठच्या मते, थेट ठाण्याला जाऊन बसले.

आवाजानं अंगणात माणसं जमली. शेठना तेच हवं होतं.

"कामतघर नाक्यावर कापडाच्या लूमची शिफ्ट सुटलेली. एक गडी सरळ माज्या चाकासमोर! मी हॉर्न मारला. गडी असा उडाला, गटार वलांडून पानाच्या टपरीवर! टपरीवाला इचारतो, चुना किती लावू?"

सगळे हसले. राहीबाई हसल्या नाहीत. "अन् गाडी थांबली?"

"थांबवायची गरजच न्हाय पडली!" शेठनी मागची सीट थोपटली. "बस."

राहीबाईंनी देवीचं नाव घेतलं, हेल्मेट चढवलं आणि एक पाय पायदानावर ठेवला.

तेवढ्यात फाटकात कधीचा उभा असलेला माणूस पुढे आला. त्याच्या हातात शेठची एक चप्पल होती. डांबरावर घासून तिचा तळ पार गेलेला. ती पाहून शेठ घाईनं गाडीची किल्ली चाचपू लागले.

"मी रघू. तो कालचा गडी मीच," तो बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं बोलला. "हॉर्न-बिर्न कायबी ऐकला न्हाय मी. लूमवर कान कवाच गेले. तिथल्या खडखडाटात आमी ओठ बघूनच बोलतो. गाडी दिसली तवा वाटलं, थांबंल. मंग तुमचं तोंड दिसलं, शेठ. म्हनून उडी मारली."

राहीबाईंनी पाय खाली घेतला. हेल्मेट काढलं.

"काय म्हनत व्हते हे?"

रघूनं त्यांचे ओठ वाचले आणि अंगणभर ऐकू जाईल असं सांगितलं, "'एकविरे, वाचव! ब्रेक लागत न्हाय!'"