नूतनचे गुडघे

पाली गावातून राजगडाची वाट धरून तास उलटला, तेव्हा आनंदरावांनी तिसऱ्यांदा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. नाडी सैल झालेली नव्हती. नूतन चार पावलं मागे उभी राहून नवऱ्याची पाठ बघत होती. शर्टाखाली ती पाठ भात्यासारखी वरखाली होत होती.

"दमलीस?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

"हो. जरा थांबूया," नूतन म्हणाली. ती मुळीच दमली नव्हती.

सात महिन्यांपूर्वी आनंदरावांच्या छातीत दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी हिंडाफिरायला, चढायलासुद्धा मोकळीक दिली. दम लागला की थांबायचं, एवढीच अट घातली. नेमकी तीच या गृहस्थांना पाळता येईना. दम लागला म्हणणं म्हणजे जणू नाक कापून घेणं. मग दम नूतनला लागू लागला. मंडईत तिचे गुडघे दुखायचे, जिन्यात तिला घेरी यायची. बघता बघता सोसायटीभर तिच्या गुडघ्यांचा बोभाटा झाला. नणंदेने तेल पाठवलं, शेजारणीने हाडांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. गुडघे बिचारे धडधाकट होते. पण या सोंगाने ती बाई मनातून पार शिणून गेली होती.

आणि राजगड तिला बघायचा होता. एकतीस वर्षं तो तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता, कॉलेजात असताना अकरा वेळा चढलो म्हणून. दोन दिवसांच्या या सुट्टीसाठी तिने नवे बूट घेतले होते. आज पाय कसे आपोआप पडत होते. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

पुढच्या वळणावर झाडाखाली ताक विकणारी ठकुबाई बसली होती. रोज पहाटे ताकाचा कॅन डोक्यावर घेऊन ती पालीतून इथवर चढायची. आनंदराव तिथवर पोचले आणि झाडाला हात टेकून उभे राहिले. कपाळावरून घाम गळत होता.

"बसा की वो," ठकुबाई म्हणाली.

"हिचे गुडघे," आनंदराव कसंबसं म्हणाले. "आम्हाला इथूनच परत फिरावं लागणार. दुखतायत ना गं?"

ठकुबाईने लगबगीने पोतं झटकलं आणि नूतनसाठी अंथरलं.

नूतनने पोत्याकडे बघितलं. बसलं की झालं. परत खाली, मुक्कामाच्या घरी, मग पुण्याला. सोसायटीत पुन्हा तिच्याच गुडघ्यांची कीव. तिचा जीव विटला.

"नाही दुखत," ती म्हणाली.

"काय?"

"माझे गुडघे दुखत नाहीत. कधीच दुखत नव्हते."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. आता हा माणूस हट्टाला पेटून वर चढायला लागला तर? आणि खरंच आनंदरावांनी झाडावरचा हात काढला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. हाक मारावी, गुडघा धरून मटकन खाली बसावं, असं शंभरदा नूतनच्या मनात आलं. तिने ओठ गच्च मिटून घेतले.

तिसरं पाऊल पडलं नाही.

"मला एक फोन करायचाय," आनंदराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "विसरलोच होतो. तू हो पुढे."

पाली सुटल्यापासून मोबाईलला रेंज नव्हती. नूतनला ते ठाऊक होतं, ठकुबाईला तर होतंच. आनंदराव पोत्यावर बसले. ठकुबाईने त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला. अर्धा पेला पोटात जाऊन त्यांच्या ओठांवर जरा रंग येईपर्यंत नूतन हलली नाही.

"जावा बाई तुमी," ठकुबाई हळूच म्हणाली. "म्या हाय न्हवं हितं. उटू देत न्हाई त्यास्नी."

नूतन निघाली. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. एवढं होऊनही शेवटी फोनच! चिडायलाही आता तिच्यात त्राण उरलं नव्हतं. ती आपली पायऱ्या चढत राहिली. ऊन तापलं. वाळलेलं गवत वाऱ्यावर सळसळत होतं. पाली दरवाजा वर दिसायला लागला, तेव्हा खालून एक तरुण मुलगी झपाझप चढत आली आणि तिच्यापाशी थांबली.

"काकू, नूतन म्हणजे तुम्हीच का? खाली झाडाखाली एक काका बसलेत. त्यांनी निरोप दिलाय."

नूतनने रेलिंग घट्ट धरलं. "काय झालं त्यांना?"

"काही नाही हो, मजेत ताक पितायत. म्हणाले, मला दम लागला, मला झेपलं नाही. पण बायको वर गेलीय. तिला सांग, सगळा गड बघून ये, घाई करू नको."

"दम लागला म्हणाले? स्वतःच्या तोंडाने?"

"हो. का?"

नूतन रेलिंग धरून पायरीवर बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"पुन्हा एकदा सांग बरं, बाळा," ती म्हणाली. "काय म्हणाले ते?"